जोथमची अकरा पत्रं

लेव्हरेट मास्तर नेमके लोकर कातरायच्या दिवशी येऊन थडकले, यात त्यांची काहीच चूक नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, असं त्यांनी रीतसर कळवलं होतं. ते पत्र जेडिडाने वाचलं, घडी घातली आणि पिठाच्या डब्यामागे सरकवून दिलं. विसरलेच बाई, असं तिने भावाला मागाहून सांगितलं. ओबेद तिच्या हाताखाली वाढला होता. जेडिडा कॉटल काय काय विसरू शकते आणि काय मेली तरी विसरत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने फक्त भुवया वर केल्या आणि मेंढवाड्याकडे निघून गेला.

शाळेचा विषय घरात वसंतापासून तापत होता. समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर बहिऱ्यांसाठी शाळा आहे, खर्च सरकार देणार आहे, आणि या वर्षी बेटावरच्या त्यांच्या चिलमार्क गावातून एकालाच घेणार आहेत, एवढं सगळ्यांना कळलं होतं. कॉटलांच्या घरात बहिरे काही नवे नव्हते. पणजोबांपासून प्रत्येक पिढीत दोन-तीन निघायचे, आणि गावातल्या दर चौथ्या-पाचव्या घराची तीच गत होती. त्यामुळे ऐकू येवो न येवो, गावातलं प्रत्येक पोर तोंडाने बोलायच्या आधी हाताने बोलायचं, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटायचं नाही. ओबेदच्या तीन मुलांपैकी थोरला जोथम ऐकणारा. पर्सिस आणि सायलस न ऐकणारे. जागा एक आणि पोरं दोन, भांडण तिथे होतं.

म्हणजे पोरांमध्ये नव्हतंच. एकोणीस वर्षांच्या पर्सिसला जायचं होतं. सोळा वर्षांच्या सायलसला नव्हतं जायचं. त्या शाळेतून समुद्र दिसत नाही असं त्याने कुठून तरी ऐकलं होतं, आणि जिथून समुद्र दिसत नाही तिथे माणसं राहतातच कशी, हे त्याला समजत नव्हतं. इतकं सोपं असताना जेडिडा मात्र सायलसलाच धाडायचं म्हणून हटून बसली होती.

"पोरगी गेली तर चीज कोण करणार? सूत कोण कातणार?" ती विचारायची.

"तू आहेस की, ताई," ओबेद म्हणायचा.

"मी किती दिवस पुरणार आहे?"

"मला तर वाटतं, आम्हा सगळ्यांना पुरून उरशील."

खरी गोष्ट चीजची नव्हतीच. खरी गोष्ट पर्सिसच्या खोलीत, तिच्या आईच्या, मर्सीच्या जुन्या शिवणाच्या पेटीत होती. जोथमची अकरा पत्रं.

जोथम देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा मर्सीला जाऊन पाच वर्षं झालेली, घर जेडिडाच्या हातात, आणि पत्र वाचून दाखवायचा मान अर्थातच तिचा. तिने चष्मा लावला, पत्र उघडलं. चार ओळी होत्या. मी बरा आहे. थंडी फार आहे. मोजे पाठवा. सगळ्यांना नमस्कार. समोर पर्सिस बसली होती, आत्याच्या हातांवर डोळे लावून. भावाशिवाय तिचं पान हलायचं नाही. त्या चेहऱ्याकडे पाहून "मोजे पाठवा" म्हणायला जेडिडाचे हात धजेनात. म्हणून तिने एक देवमासा घातला. छोटासाच.

दुसऱ्या पत्रात पोपट आला. तो पोर्तुगीज शिव्या द्यायचा आणि कप्तानाच्या टोपीत झोपायचा. चौथ्या पत्रात एका बेटाचा राजा आला, त्याला जोथमच्या कोटाची बटणं हवी होती. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी खास पर्सिससाठी दोन शब्द असायचे: आज डेकवर उभा राहून तुझ्याशी हाताने बोललो, समोर कोणी नव्हतं, खलाशी हसले, हसू देत. ओबेदला वाचता यायचं. त्याने सगळी पत्रं वाचली होती. पण पाचव्या-सहाव्या पत्रांत पोपट आला नाही तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारून गेला, "ताई, पोपटाचं काय झालं गं?" सातव्यात पोपट परत आला.

आता बोला. ही मुलगी शाळेत जाणार, वाचायला शिकणार, सुट्टीत घरी येणार आणि आल्या आल्या काय उघडणार? पेटी.

तर त्या दिवशी मेंढवाड्यात दोनशे मेंढ्या होत्या. कोकरं दगडी गडग्याच्या पलीकडे वेगळी काढलेली, त्यामुळे आयांनी आणि पोरांनी दोन्हीकडून आकाश डोक्यावर घेतलं होतं. अशा गोंगाटात कॉटलांकडे कोणीच तोंड वापरत नसे. ओबेद मेंढी गुडघ्यांत आवळून कातरत होता आणि मोकळा झालेला हात बोलायला वापरत होता. त्याचा चुलतभाऊ एल्नेथन, जन्माचा बहिरा आणि बेटावरचा पहिल्या नंबरचा कातरणारा, एका मेंढीची लोकर सलग, अंगातला कोट उतरवावा तशी उतरवायचा आणि पुढची मेंढी येईपर्यंत गावातल्या लफड्यांची माहिती द्यायचा. जेडिडा लोकरीच्या गुंडाळ्या बांधत होती, दातांत सुतळीचं टोक धरून.

गडग्याच्या फटीतून काळा कोट आणि धुळीने पांढरे झालेले बूट आत आले. पाहुण्याने हॅट काढली, सगळ्यांकडे पाहिलं आणि हात हलवायला सुरुवात केली.

एल्नेथनने कात्री थांबवली. "हा कोण?" त्याने हाताने विचारलं. "आणि याचे हात असे बोबडे का?"

"शाळेचा मास्तर असावा," पर्सिस म्हणाली. ती केव्हाच उठून उभी राहिली होती. "त्यांच्याकडच्या खुणा वेगळ्या असतात म्हणे."

"शिकवतो हा? याला आधी कोणी शिकवलं नाही का?"

जेडिडाच्या तोंडात सुतळी होती. या, बसा, असं तिने हातानेच सांगितलं. मास्तरांनी तिच्याकडे, मग ओबेदकडे, मग भराभर बोलणाऱ्या बाकीच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी तरळलं.

"सगळेच!" ते मोठ्याने म्हणाले. "अख्खं कुटुंब! देवा रे. म्हातारीसुद्धा!"

जेडिडाने सुतळी बाहेर काढायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. म्हातारी?

लेव्हरेट मास्तर आठ वर्षं अशा मुलांमध्ये राहिले होते ज्यांना ऐकू येत नाही, आणि तिथे त्यांना एक खोड जडली होती. मनात येईल ते ते तोंडाने बोलून टाकायचे. आठ वर्षांत कोणी वळून पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून वही काढली, गडग्यावर टेकले आणि लिहिता लिहिता बोलू लागले, मेंढ्यांच्या वर आवाज काढून.

"कुटुंबप्रमुख. प्रामाणिक चेहरा, बुद्धी मध्यम."

ओबेदने मेंढीच्या पाठीआडून एका हाताने हे जसंच्या तसं मुलांना सांगितलं. सायलस खाली बसला आणि त्याने तोंड मेंढीच्या लोकरीत खुपसलं.

"मुलगा. दणकट. डोळ्यांत झोप. शिकवला तर शिकेल, वेळ लागेल."

"नाही शिकणार," सायलसने मेंढीला हाताने सांगितलं.

"वृद्ध स्त्री." मास्तर थांबले, जेडिडाला नीट न्याहाळलं आणि हसून मान लववली. जेडिडानेही मान लववली. "कजाग. घरातलं सगळं हिच्या मुठीत दिसतं. हिला गोड बोलून वळवावं लागेल."

ओबेदच्या हातातली मेंढी सुटली. एल्नेथनला काय चाललंय ते कळेना, म्हणून पर्सिसने त्याला सांगितलं, आणि तो आपली कात्री बाजूला ठेवून, मांड्या थापटत, तोंडभर हसू लागला. मास्तरांना वाटलं, आपलं स्वागत होतंय. त्यांनीही हसून हात हलवला. जेडिडा मात्र पुढची गुंडाळी इतकी करकचून बांधत होती की सुतळी तुटली. बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बोलू दे अजून. एका दृष्टीने गंमतच होती, आणि मास्तरांचं मत सायलसकडे झुकलं तर आपलं काम फुकटात होत होतं.

ते तसंच झुकलं.

"मुलगी," मास्तर म्हणाले. पर्सिस त्यांच्या ओठांकडे पाहत होती, मग बापाच्या हाताकडे, परत ओठांकडे. "मुलगी हुशार. डोळे फार तेज. दोघांत हिलाच घ्यावं असं वाटतं. पण एकोणीस वर्षांची. दोन वर्षांत लग्न, मग शेळ्यामेंढ्या." त्यांनी उसासा टाकला. "आणि वाचून करणार काय बिचारी? या कोपऱ्यात हिला पत्र कोण लिहिणार आहे?"

ओबेदचा हात हवेत थांबला. एवढं वाक्य त्याने मुलीला सांगितलं नाही.

सांगायची गरजच पडली नाही. जेडिडाने थू करून सुतळी टाकली.

"तिला पत्रं येतात!"

मास्तरांची वही शेणात पडली.

"अकरा!" जेडिडा कडाडली, आणि तिचे हातही तोंडाबरोबर चालले. पलीकडची कोकरंसुद्धा क्षणभर गप्प झाली. "अकरा पत्रं आलीत तिला! दक्षिण समुद्रातून! तुम्हाला आलीत कधी दक्षिण समुद्रातून पत्रं?"

"बाई... तुम्ही... तुमची वाचा..." मास्तर पांढरेफटक पडले. "चमत्कार! परमेश्वरा!"

"कसला चमत्कार आलाय! अठ्ठावन्न वर्षं बोलतेय मी. हा बुद्धी मध्यमवालाही बोलतो. बोल रे ओबेद."

"नमस्कार, मास्तर," ओबेद म्हणाला. "उन्हात उभे का? सावलीला या."

मास्तर मटकन गडग्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पुढचा काही वेळ माफी मागण्यात, सफरचंदाचं पेय पाजण्यात आणि वही पुसण्यात गेला. आपण जिंकलो अशा तोऱ्यात जेडिडा उभी होती, आणि पर्सिस मेंढवाड्यात दिसत नाहीये हे तिच्या उशिराच लक्षात आलं.

पर्सिस घराकडून येत होती. हातात मर्सीची शिवणाची पेटी.

स्वतःच्याच तोंडाने बोलावून आणलं होतं हे जेडिडाने, दुसऱ्या कोणाला दोष द्यायची सोय नव्हती. पर्सिसने पेटी उघडून सर्वांत अलीकडचं पत्र काढलं, फेब्रुवारीत आलेलं, ज्यात राजाने बटणांच्या बदल्यात डुक्कर दिलं होतं आणि पोपटाने ते डुक्कर पळवून लावलं होतं. ते तिने मास्तरांच्या हातात ठेवलं.

"यांना म्हणावं, मोठ्याने वाचा," ती बापाला म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही मला सांगा. काय पत्रं येतात ते कळू देत यांना."

"अगं, आत्ता कशाला?" जेडिडाचे हात पटकन पुढे आले. "मेंढ्या खोळंबल्यात."

"मेंढ्या कुठे जातायत?"

मास्तरांनी घसा साफ केला आणि वाचलं, "सगळ्यांस नमस्कार. मी बरा आहे. दोन देवमासे मारले. मोज्यांचा जोड फाटला, दुसरा पाठवा. जोथम."

वाचून त्यांनी मान वर केली.

ओबेदने बहिणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याने जन्मात कधी न पाहिलेली गोष्ट होती, ती म्हणजे विनवणी. मग तो लेकीकडे वळला आणि त्याचे हात सुरू झाले. राजा आला. डुक्कर आलं. ओबेदला खोटं बोलायची सवय नव्हती. डुक्कर आधी आलं की पोपट, यात त्याचा गोंधळ उडाला, त्याने पोपटाला डुकरावर बसवलं, मग उतरवलं, मग कप्तानाची टोपी आठवली, आणि कपाळावरचा घाम पुसायला तो थांबला.

"बाबा," पर्सिस म्हणाली.

"हं?"

"यांचं तोंड केव्हाच बंद झालंय. तुमचे हात अजून का चालू आहेत?"

ओबेदने हात खाली घेतले. मेंढ्या ओरडत होत्या, पण ते ऐकणारे तिघेच होते. मास्तरांना आपण काय केलंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी केलंय एवढं कळलं, आणि पत्राची घडी घालू की नको अशा विचारात ते बसले होते.

आत्ताही काही सांगता आलं असतं. मास्तरांना अक्षर लागलं नाही. हे भलतंच पत्र आहे. जेडिडाला एका दमात तीन थापा सुचल्या आणि तिन्ही बऱ्या होत्या. तिने हात वर केले. पोरगी तशीच पाहत होती, तीन वर्षं पाहत आली होती तशी, पूर्ण विश्वासाने, आणि एकही थाप त्या हातांतून निघेना.

"पत्रात एवढंच आहे," ती म्हणाली. "मोजे. सगळ्या पत्रांत मोजेच आहेत."

पर्सिसने पत्र परत घेतलं. त्याच्यावर बोट फिरवलं, मास्तरांसमोर धरलं. "माझं नाव कुठंय?"

ओबेदने विचारलं. मास्तरांनी हळूच मान हलवली. तिचं नाव कुठेही नव्हतं.

"पोपट?" पर्सिसने आत्याला विचारलं.

"माझा."

"राजा?"

"तोही माझाच. त्याची बटणंपण."

"आणि शेवटचं? डेकवर उभं राहून?"

जेडिडाला खूप वाईट वाटलं. पोपट गेला, राजा गेला त्याचं काही नाही, पण हे एवढं तिच्याकडून काढून घेताना हात जड झाले. "तेही मीच," ती म्हणाली. "त्याला तुझी आठवण येत असणारच, पर्सिस. येतेच. त्याला लिहिता येत नाही एवढंच. मेल्याला सगळं पायांच्या तळव्यांतूनच सुचतं."

एल्नेथन हे सगळं आ वासून बघत होता. "म्हणजे पोपट नाहीच?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पत्रवाचनाला तोही दर वेळी समोर बसायचा.

पर्सिस पेटी मांडीवर घेऊन लोकरीच्या ढिगावर बसली. बराच वेळ ती पत्रं मोजत होती. वाचता येत नसलं तरी एक एक उघडून पाहत होती, आणि आता तिला दिसत होतं की प्रत्येकावर ओळी चारच, पाचच. हे आधी कधी मनात आलं नव्हतं, कारण पत्र हातात असलं तरी नजर आत्याच्या हातांवर असायची. जेडिडा उभीच होती. तिने मनाची तयारी केली होती. पोरगी रडेल, चिडेल, वर्षभर तोंड फिरवून बसेल, आणि ज्या माणसाशी हाताने बोलायचं त्याने तोंड फिरवलं तर दार बंद झाल्यातच जमा असतं.

पर्सिसने मान वर केली.

"म्हणजे अकरा पत्रं मला जोथमने लिहिलीच नाहीत," ती म्हणाली. "तू लिहिलीस."

"हो."

"आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही."

जेडिडाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तीन वर्षं उत्तर नाही, बरं दिसत नाही ते," पर्सिस म्हणाली. "मला शिकलंच पाहिजे, आत्या."

जेडिडाने तोंड पुसायला ॲप्रन वर घेतला आणि लोकर डोळ्यांत जाते, दर वर्षी जाते, असं तोंडाने आणि एका हाताने एकदमच सांगितलं. मग ती मास्तरांकडे वळली.

"मुलीचं नाव लिहा."

"पण घरचं काम, बाई? आणि मुलगा?"

"मुलगा चीज करायला शिकेल. डोळ्यांतली झोप उडेल त्याच्या."

ओबेदने हे सायलसला सांगितलं. सायलसने आनंदाने मेंढीला मिठी मारली, आणि मग चीजची गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

"पर्सिस कॉटल," मास्तर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, दचकले, आणि आवाज खाली आणला.

"आणि ते कजाग खोडा," जेडिडा म्हणाली.

मास्तरांनी खोडलं. ती जाऊन पाहून आली.

सप्टेंबरात पर्सिस गेली. जाताना एल्नेथनने तिला एकच सांगितलं: तिथल्या लोकांचे हात सरळ करून ये. घर इतकं शांत झालं की ऐकू येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना ते सारखंच जाणवू लागलं. सायलसच्या हातचं पहिलं चीज डुकरांना घातलं, दुसरं डुकरांनी पाहून सोडलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, प्रार्थनेहून परतताना, ओबेदला बंदरावरून आलेलं पत्र मिळालं. वर मोठ्या, वेड्यावाकड्या, एकमेकांना धक्के देणाऱ्या अक्षरांत नाव होतं: जेडिडा कॉटल. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या नावाने आलेलं हे पहिलंच पत्र. तिने चष्मा लावला. ओबेदने तिच्या खांद्यावरून वाचून घेतलं आणि चुलीत दोन लाकडं जास्त सारली.

चार ओळी होत्या.

मी बरी आहे. इथे थंडी आहे. मोजे पाठव. बाकीचं तू सांग.

"काय लिहिलंय?" एल्नेथनने विचारलं. तो रस्त्यातूनच मागे मागे आला होता आणि त्याने खुर्ची पुढे ओढली होती. सायलसही चीजचे हात पुसत समोर येऊन बसला. "मोठं आहे का?"

जेडिडाने पत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवलं. दोन्ही हात मोकळे लागणार होते.

"चांगलं मोठं आहे," ती म्हणाली. "शाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या तिला काय दिसलं असेल? खिडकीत पोपट!"

एल्नेथनने आनंदाने दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या. वाचून व्हायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात जेवण दोनदा गार झालं. शेवटची ओळ तेवढी जेडिडाने कोणाला सांगितली नाही.